साहेबांना कडू लागलं नाही

आमच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाकीच्या डॉक्टर बायका मॅडम झाल्या, या बाईच राहिल्या, कारण त्या शाळेतल्या बाईंसारख्या ओरडतात. समोर सर्जन असो की झाडू मारणारा, आवाजाची पट्टी तीच. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. लग्न झाल्यापासून सासूने मला जेवढं सुनावलं नसेल, तेवढं या बाईंनी एकेका वर्षात सुनावलं आहे. तरीही माझं पोट कापायची वेळ आली तर उशाशी मला त्याच हव्यात.

का, तेही सांगते. टेबलावर पडलेल्या माणसाचा श्वास भूल उतरेपर्यंत त्याचा नसतो, भूल देणाऱ्याचा असतो. सर्जन पोटात हात घालून मॅचच्या गप्पा मारतात, मी मनातल्या मनात संध्याकाळची भाजी चिरते, बाई मात्र माणसाच्या छातीवरून नजर काढत नाहीत. झोपवण्याआधी त्या प्रत्येकाच्या कानाशी वाकतात आणि म्हणतात, "मी इथेच आहे. उठवायची जबाबदारी माझी." श्रीमंताला तेच, भीक मागणाऱ्याला तेच, पोलिसांनी बेड्या घालून आणलेल्या चोरालाही तेच. तो चोर भूल उतरल्यावर बाईंना 'आई' म्हणाला होता. बाई त्याच्यावरही ओरडल्या.

अंगाने बाई लहानखुऱ्या. टेबलाशी उभं राहायला पायाखाली पाट लागतो. चेहरा लहान, हनुवटी निमुळती. एरवी हे सांगायचं कारण नव्हतं. पण साथ आली आणि आमच्या हॉस्पिटलात कोण जगणार हे ज्याच्या त्याच्या हनुवटीच्या मापावर ठरायला लागलं, म्हणून सांगते.

साथीबरोबर आम्हाला अंगभर घालायचे ते पांढरे पोशाख आले. ते ज्याच्या मापाने शिवले तो माणूस मला एकदा बघायचा आहे. आमच्या हॉस्पिटलात तरी तो नोकरीला नव्हता. बाईंच्या अंगावर तो चढला की बाह्या बोटांच्या पुढे, दोन पायांमधली शिवण गुडघ्याशी. आम्ही घड्या घालून चिकटपट्टीने बांधायचो. आत घामाचं पाणी पायमोज्यांपर्यंत उतरायचं, चष्म्यावर वाफ धरायची, आणि एकदा पोशाख चढवला की तो काढेपर्यंत पाणीही नाही आणि लघवीही नाही. सगळी माणसं सारखीच दिसायची, म्हणून पाठीवर जाड पेनाने नावं लिहायचो.

नाव लिहायची गरज नव्हती ती एकाच माणसाला. ते म्हणजे वॉर्डातले मोठे डॉक्टर. छातीच्या आजारांतला त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि बोलण्यातला तर नव्हताच. सकाळी आले की सुरू, संध्याकाळी गेटबाहेर पडेपर्यंत सुरू. म्हणून सगळे त्यांना रेडिओ म्हणत, तोंडावरसुद्धा. बाईंच्या ओरडण्याला उलट उत्तर देणारा हॉस्पिटलात हा एकच प्राणी होता. "बाई, तुमचा आवाज ऐकूनच निम्मे पेशंट झोपतात, औषध कशाला वाया घालवता?" असं म्हणायचे आणि बाई हसायच्या. हाडकुळे, गाल आत गेलेले. मास्क त्यांच्या गालाला टेकायचाच नाही.

तर तो मास्क. पोशाखाला भोक पडलं तर निभावून नेता येतं. मास्क बसला नाही तर खेळ खलास. दम लागलेल्या माणसाच्या घशात नळी घालायची असते तेव्हा बाईंचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. तो खोकतो, ओकतो, शेवटचा जोर लावून श्वास सोडतो आणि ते सगळं बाईंच्या चेहऱ्यावर येतं. मास्कच्या कडेला फट असेल तर हवा कापडातून गाळून येत नाही, सरळ फटीतून येते. नाकाशी बाईंच्या मास्कमधून माझी करंगळी जायची. मी घालून बघितली होती.

आमच्याकडे चांगले मास्क नव्हते असं नाही. साथीच्या सुरुवातीलाच कुठल्याशा कारखान्याने देणगी म्हणून पाठवले होते, लहान, मध्यम, मोठे, तिन्ही मापांत. ते मोठ्या साहेबांच्या खोलीत लोखंडी कपाटात कुलूपबंद होते. मोठे साहेब म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. एकेकाळचे सर्जन, पण खुर्ची मिळाल्यापासून त्यांनी कापली ती फक्त आमची रजा. त्यांचा जन्म वस्तू राखून ठेवण्यासाठी झाला होता. खोलीतल्या नव्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक त्यांनी कधी काढू दिलं नाही. पाहुण्यांचे कप वेगळे, ते पाहुण्यांनाही मिळायचे नाहीत. आम्हाला वापरायला त्यांनी स्वस्तातला एकाच मापाचा माल आणला आणि चांगला माल आत ठेवला, कारण वरून पाहणीला कोणी आलं तर साठा दिसायला हवा.

बाई मागायला गेल्या तेव्हा मी सोबत होते.

"साहेब, कपाटातले लहान मास्क द्या. नळी घालणाऱ्या टीमपुरते द्या, बाकीचे ठेवा."

"वेळ आली की देऊ ना, बाई."

"वेळ आलीय. वॉर्डात येऊन बघा."

"अजून यायचीय," साहेब म्हणाले. "तेव्हा काय वापराल? आणि हेही मास्क चांगलेच आहेत. जरा घट्ट बांधा."

"घट्ट बांधून हनुवटी वाढत नाही, साहेब."

साहेब हसले. त्यांचा मास्क तेव्हा गळ्यात होता. खोलीत बसून ते तो गळ्यातच घालायचे, एखादा दागिना असल्यासारखा. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण बाई काही न बोलता बाहेर आल्या. बाई गप्प बसल्या की आम्ही घाबरतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेक्चरच्या खोलीत खुर्ची मांडली. तारेची एक रिंग, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी, पिशवीला समोर भोक आणि भोकाला वाफ द्यायचं मशीन. मशीनमध्ये पाण्यात विरघळवलेलं एक औषध, असलं कडू की जिभेवर थेंब पडला तर माणूस आईबापाचा उद्धार करेल. पद्धत साधी. आधी मास्क न घालता पिशवी डोक्यावर घ्यायची, थोडा फवारा घ्यायचा आणि कडू लागतंय ना ते सांगायचं. मग तोंड धुऊन मास्क घालायचा आणि पुन्हा पिशवीत जायचं. मान हलवायची, वाकायचं, मोठ्याने बोलायचं. मास्क नीट बसला असेल तर काही लागत नाही. कडू लागलं तर समजायचं, वॉर्डातली हवाही अशीच आत येते.

एकेक जण बसला. एकेक जण थुंकत उठला. मी बसले, मान डावीकडे वळवली आणि जिभेवर असं काही आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आमचे मामा, म्हणजे थिएटरचे अटेंडंट, रिटायर व्हायला आलेले, त्यांनी तर पिशवीच भिरकावली. रेडिओ बसले. पिशवीच्या आतूनही त्यांचं चालूच. "मंडळी, आत्ता मी मान हलवतोय. आत्ता मी वाकतोय. आत्ता मी, अरे देवा, ही तर माझ्या मावशीच्या हातची कॉफी." सगळे हसले. पण हसता हसता सगळ्यांना कळत होतं. इतके दिवस आपण वॉर्डात जातोय, ते तोंडाला चाळण बांधून जातोय.

बाईंना हेच हवं होतं. आता सगळे मिळून साहेबांकडे जाऊ आणि कपाट उघडून घेऊ, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात साहेबच आले. कोणीतरी चुगली केली होती.

"हे काय चाललंय? माझ्या माणसांना घाबरवताय तुम्ही."

"मास्क गळतात, साहेब. प्रत्येकाचा गळतो."

"माझा नाही गळत," असं म्हणून त्यांनी गळ्यातला मास्क नाकावर ओढला आणि खुर्चीत बसले. "लावा मला."

बाईंनी रागाने पिशवी ओढून घेतली. ती साहेबांच्या डोक्यावर घातली आणि मशीन सुरू केलं. साहेबांनी मान हलवली, वाकले, मोठ्याने आपलं नाव आणि हुद्दा सांगितला. फवारा जाऊन पिशवी धुरकट झाली. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"काही कडू नाही," साहेब म्हणाले.

बाईंनी अजून फवारा दिला.

"अहो, काहीच नाही. पाण्यासारखं आहे." त्यांनी पिशवी वर केली, मास्क परत गळ्यात ओढला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मास्क तोच, तुम्हाला दिलेलाच. मला लागत नाही आणि तुम्हाला लागतं. म्हणजे दोष मास्कचा नाही, भीतीचा आहे. बाई, कडवटपणा तुमच्या मनात आहे."

आणि लोक हसले. मघाशी थुंकणारेच हसले. मी त्यांना दोष देत नाही, माणसाला जिवंत राहायचं असतं आणि भीती नसलेलं बरं वाटतं. रेडिओ साहेबांच्या शेजारीच उभे होते. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला, अगदी तोंडाशी तोंड नेऊन बोलले, "काय डॉक्टर, तुम्हीसुद्धा?" रेडिओंनी खांदे उडवले. "साहेब पास झाले म्हणजे माझ्या जिभेतच खोट असणार. चला, पेशंट खोळंबलेत." आणि ते तोच मास्क लावून वॉर्डात गेले.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. साथीत त्या घरी जात नव्हत्या, थिएटरच्या वरच्या सामानाच्या खोलीत खाट टाकून राहायच्या. त्यांचे यजमान शाळेत गणित शिकवतात, अत्यंत शांत गृहस्थ. रोज गेटवर डबा ठेवायचे आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. लेक त्यांच्याबरोबर यायची आणि दोघी मायलेकी रस्त्याच्या दोन बाजूंनी फोनवर भांडायच्या. त्या दिवशी डबा तसाच परत गेला म्हणून बाईंच्या सासूबाईंचा फोन आला. बाईंनी सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "त्या मेल्याचा नंबर दे मला." बाई म्हणाल्या, "देऊन काय उपयोग आई, तो फोनसुद्धा राखून ठेवतो."

दोन-तीन दिवसांत साहेबांना ताप आला. तपासणी झाली आणि ते आमच्याच वॉर्डात भरती झाले.

बातमी आली तेव्हा बाई हात धूत होत्या. त्या तशाच थांबल्या, नळ वाहत राहिला. मग ओल्या हाताने त्यांनी कपाळावर मारून घेतलं.

"सिस्टर, त्यांना चवच नव्हती."

मला आधी कळलं नाही.

"पहिला फवारा मास्कशिवाय द्यायचा असतो. कडू लागतंय का ते आधी बघायचं. तुम्हाला सगळ्यांना दिला. ते आले, मास्क लावून बसले आणि मी रागाच्या भरात तशीच पिशवी घातली. त्या माणसाच्या नाकातोंडात आजार बसला होता, त्याला जहर पाजलं असतं तरी पाण्यासारखं लागलं असतं."

त्याच तापल्या डोक्याने बाई वॉर्डात गेल्या आणि भेटेल त्याला सांगत सुटल्या, की ती परीक्षा खोटी होती, तुमची जीभ खरी होती. पण एकदा निघालेला शब्द असा परत घेता येत नाही. साहेब पास झाले एवढंच लोकांनी ऐकलेलं. आणि कपाटाची चावी साहेबांनी कोणाला दिली नव्हती. ती त्यांच्याबरोबर वॉर्डात आली होती, उशीखाली. कपडे काढून हॉस्पिटलचा झगा घातला तरी चावी सोडली नाही. त्यांच्या जागी बसलेले उपप्रमुख म्हणाले, साहेब बरे होऊन येऊ देत, मग बघू.

मग रेडिओंना ताप आला. त्यांना हा आजार साहेबांनी दिला की वॉर्डाने, हे कोणी शपथेवर सांगू शकत नाही. मला जे माहीत आहे ते मला माहीत आहे.

रेडिओ झपाट्याने खालावले. दम इतका की बोलता येईना. ज्या दिवशी ते बोलायचे थांबले, त्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं. नळी घालायची वेळ आली तेव्हा आम्ही धावलो. बाई, मी, मामा. नियम असा, की आत कोणी मरत असलं तरी आधी आपला पोशाख, आपला मास्क, मग आत. हा नियम बाईंनीच आम्हाला घोकून घेतला होता. पण आमचे पाय तसे शिकलेलेच नाहीत. सगळी नोकरी आम्ही हाक आली की धावायचं एवढंच केलं. फट असलेले मास्क तसेच, पट्टे वाकडे, आम्ही धावलो. रेडिओंनी डोळ्यांनी बाईंना ओळखलं. बाईंनी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "मी इथेच आहे. उठवायची जबाबदारी माझी."

त्या त्यांना उठवू शकल्या नाहीत.

त्यांची बायको गेटवर आली. मी तिला त्यांच्या चपला, चष्मा आणि फोन पिशवीत घालून दिला. जवळ जायला बंदी, म्हणून पिशवी बाकावर ठेवून मागे सरकले, मग तिने ती उचलली. कुत्र्याला भाकर टाकावी तशी मी तिला तिच्या नवऱ्याची पिशवी दिली. ती मला म्हणाली, "ते घरी सांगत होते, मास्क कडू लागतो. मी म्हटलं होतं, नका जाऊ." एवढं बोलून ती गेली. बाई वरच्या खिडकीत उभ्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, वॉर्डातून स्पीकरवर हाक आली. साहेबांचा श्वास तुटत चालला होता. नळी घालायला लागणार होती.

मी पोशाख चढवला, जुना मास्क हातात घेतला. बाईंनी तो माझ्या हातातून काढून बादलीत टाकला.

"मामा, सिलिंडरचा पाना घ्या आणि साहेबांचं कपाट तोडा."

मामांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, माझी नोकरी जाईल."

"माझी जाईल. बाईंनी हुकूम केला म्हणून सांगा."

"चावी मागवू या ना आतून," मी म्हटलं.

"चावी त्यांच्या उशीखाली आहे. आतली सिस्टर त्यांना सोडून येऊ शकत नाही. मग ती आणायला आत कोण जाणार, आणि तोंडाला काय लावून जाणार?"

मामा गेले. जिन्याच्या टोकाशी लोखंडावर लोखंडाचे घाव ऐकू यायला लागले. स्पीकरवर वॉर्डातली सिस्टर सांगत होती, "बाई, ऑक्सिजनचा आकडा खाली चाललाय. बाई, लवकर." मामा खोकी छातीशी धरून आले. घामाने निथळत होते. आत मास्क नीट रचलेले, हात न लागलेले, वर धूळ.

बाईंनी लहान मापाचा एक काढला. शांतपणे वरचा पट्टा डोक्यामागे, खालचा मानेवर, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत खाली आणली. श्वास घेतला तसा मास्क आत ओढला गेला आणि गालाला चिकटला. साथ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर, पट्ट्याला पीळ पडलाय. काढून परत घाला."

"बाई, चला ना. माणूस जाईल."

"परत घाला."

स्पीकर चालूच होता. त्या माणसावर माझा इतका राग होता की त्याचं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जायची, आणि तरी माझे पाय आत धावत होते. बाईंनी माझी बाही धरून ठेवली. मामांच्या नाकाशी हात धरून फट बघितली, मोठं माप घालायला लावलं, परत बघितलं. चहा उकळून वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला असेल. त्या वेळात मी मनातल्या मनात साहेबांना दोनदा मारलं आणि तीनदा वाचवलं.

मग आम्ही आत गेलो. साहेब निळे पडले होते. डोळे मोठे करून आमच्या तोंडाकडे, मास्ककडे बघत होते. त्यांनी मास्क ओळखले असणार. बाई वाकल्या आणि सगळ्यांना म्हणतात तेच म्हणाल्या, ना एक शब्द कमी, ना एक शब्द जास्त. पहिल्याच झटक्यात नळी गेली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कपाटातले मास्क वॉर्डात ज्याला ज्या मापाचे बसतील तसे वाटले गेले. बाईंनी प्रत्येकाची पिशवीतली परीक्षा घेतली, आणि आधी मास्कशिवाय.

साहेब जगले. बरेच दिवस लागले, पण बाईंनी त्यांना उठवलं. गेटवर टाळ्या झाल्या, फुलं उधळली, कापडी फलकावर 'योद्धा' असं लिहिलं होतं. रेडिओ ज्या वॉर्डात गेले त्याच वॉर्डाच्या दारात हे झालं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझे हात माझे आहेत.

आणि मग चौकशी लागली, बाईंची. हॉस्पिटलची मालमत्ता फोडली आणि अत्यवस्थ रुग्णाला जाणूनबुजून ताटकळत ठेवलं. वरून अधिकारी आले, तेच, ज्यांच्या पाहणीसाठी साठा राखला होता. साहेबांच्या खोलीत बसले. पाहुण्यांचे कप त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आले. साहेब वाळून अर्धे झाले होते. एकट्याने चालवत नव्हतं, म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या वहिनी, त्यांच्या दंडाला धरून शेजारी बसल्या होत्या. बाई उभ्या होत्या. मी आणि मामा साक्षीला, भिंतीशी.

"मी आत तडफडत होतो," साहेब म्हणाले. आवाज अजून बसलेला होता. "आणि तुम्ही बाहेर पट्टे लावत होता."

"हो."

"त्या डॉक्टरांसाठी धावत गेलात. माझ्यासाठी थांबलात. हे खरं की नाही?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी धावले ही चूक होती. त्या दिवशी माझ्यासकट तिघं आजारी पडलो असतो. तुमच्यासाठी थांबले तेच बरोबर होतं. पुढच्यासाठीही थांबणार आहे."

अधिकारी कागदावर काही लिहीत होते. ते वर न बघता म्हणाले, "म्हणजे तुम्ही कबूल करता."

"करते. आता मला एक विचारायचंय." बाई ओरडल्या नाहीत. मी त्यांना एवढ्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, त्या दिवशी तुम्ही पिशवीत बसलात. सकाळी घरून जेवून आला होता. जेवणाला चव लागली होती तुम्हाला?"

"इतक्या दिवसांपूर्वीचं कोणाच्या लक्षात राहतं?"

"याचा इथे काय संबंध?" अधिकारी म्हणाले.

"नव्हती लागली," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या कोणाकडेच बघत नव्हत्या. नवऱ्याच्या दंडावरचा हात मात्र तसाच होता.

"आदल्या दिवसापासून नव्हती. भाजीत मीठ घातलं नाही म्हणून माझ्यावर ताट ढकललं. मी म्हटलं, अहो, तुम्हीच सगळ्या हॉस्पिटलात पाट्या लावल्यात ना, चव गेली तर घरी थांबा म्हणून. तर म्हणाले, त्या पाट्या लोकांसाठी आहेत."

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. बाई म्हणाल्या, "माझा पेशंट टेबलावर आहे, मला जायला हवं," आणि परवानगीची वाट न बघता निघून गेल्या.

मी मात्र उभीच राहिले. साहेब आता काहीतरी बोलतील, निदान रेडिओंचं नाव तरी घेतील, असं मला वाटत होतं. साहेबांनी हळूहळू मान वळवली, वहिनींचा हात दंडावरून काढला आणि म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं?"